चार आण्याचा सूर्य

"मावशी, हात जरा वर घ्या. तळहात आभाळाकडं. हां, तस्सा. आता हलायचं नाही."

"हलत न्हाई रे बाबा. पर धरू काय हातात? दिवस कुठं हाय?"

मी कॅमेऱ्यावरून डोळा काढला. मावशींच्या मागं नुसतं धुकं. दरी नाही, समोरचा डोंगर नाही, सूर्य तर नाहीच. सगळं पांढरंफटक.

त्यांचे यजमान बाजूच्या कातळावर चढून कपाळाशी हात धरून उभे होते. तिथूनच ओरडले, "मगाशी हुता! मी ह्या डोळ्यांनी बघितला!"

"कवा?"

"अगं, आपण घोड्यांपाशी हुतो तवा."

"त्यो कणसंवाल्याचा कंदील हुता," मावशी म्हणाल्या आणि हात खाली घेऊन खळखळून हसल्या. मला हसू येत होतं, पण गिऱ्हाइकापुढं हसायचं नाही हा मामांचा नियम होता, म्हणून मी भिंगावरचं दव पुसत बसलो.

आता आमच्या महाबळेश्वरात येणारा जो तो खिशातला मोबाइल काढतो आणि सूर्य हातात धरून घेतो. मला कोण विचारतंय! पण तेव्हा पॉइंटवर ते काम आम्हा फोटोग्राफरांचं होतं. माणसाला कठड्याशी उभं करायचं, आपण खाली बसायचं, कॅमेरा असा धरायचा की मावळतीचा गोळा बरोब्बर त्याच्या तळहातावर येऊन बसेल. सकाळी फोटो लॉजवर पोच. नवी लग्नं झालेली जोडपी त्या फोटोसाठी वेडी व्हायची. आणि त्या कामात, खोटं कशाला बोलू, माझा हात धरणारा पॉइंटवर दुसरा कुणी नव्हता. सूर्य बोटांवर गेला, मनगटावर घसरला, असलं माझ्याकडून कधी झालं नाही. 'सदा ढेबेचा सूर्य हलत नाही' असं घोडेवालेसुद्धा म्हणायचे, आणि ते ऐकून मी कॉलर ताठ करून फिरायचो.

मामांना मात्र माझं कौतुक नव्हतं. किसनमामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ, बाजारपेठेतल्या फोटोच्या दुकानाचे मालक. मी पॉइंटवर फोटो काढायचो, ते मागच्या अंधाऱ्या खोलीत धुवायचे. ओले फोटो दोरीला लावता लावता एकदा म्हणाले होते, "सद्या, तुझ्या रोलात माणसं बदलतात, फोटो बदलत नाही. तू कॅमेरा नाही, रबरी शिक्का घेऊन हिंडतोस."

"शिक्का तर शिक्का," मी म्हणालो होतो. "नेम चुकला का कधी?"

"तेच तर म्हणतोय मी," एवढंच बोलून ते पुन्हा कामाला लागले. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

तर हे मगदूम नवरा-बायको. गाव इचलकरंजी. आण्णाप्पा मगदूम मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारे, उंच, काटक, आवाज मागांच्या खडखडाटावर चढवायची सवय लागलेला. आक्काताई ठेंगण्या, गोऱ्या, चेहरा ओढलेला, पण जीभ तल्लख. मे महिना सरत आला होता. त्या दिवसांत दरीतून एकदा धुकं वर यायला लागलं की सूर्य कधी मावळला याचा पत्ता लागत नाही. बाकीची गिऱ्हाइकं एक संध्याकाळ बघायची आणि चालू पडायची. हे दोघं मात्र दुसऱ्या दिवशीही तिसऱ्या प्रहरापासून येऊन बसले.

त्या दिवशीही सूर्य दिसला नाही. मी कॅमेरा पिशवीत घालत होतो, तेवढ्यात आण्णाप्पांनी मला खांद्याला धरून चणेवाल्याच्या गाडीआड नेलं.

"लेका, उद्याचा एकच दिवस हाय आमच्याकडं. परवा सकाळच्या गाडीनं मिरजेला जायचंय. तिच्या पोटात गाठ हाय. आपरेशन हाय."

मी म्हणालो, "होईल काका बरं. मिरजेचे डॉक्टर चांगले असतात."

"डाक्टर चांगलं हाईत. पर त्यांनी माझ्याकडं बघून बोलायचं सोडलंय." ते थांबले. मोठ्यानं बोलणारा माणूस हळू बोलायला लागला की ऐकणाऱ्याला भीती वाटते. "आमच्या शेजारी चौगुल्यांच्या सुनंचा फोटू हाय भितीवर, तसला, सूर्य हातात धरलेला. ही दूध द्यायच्या निमित्तानं जाती आणि बघत उभी ऱ्हाती. हिनं आजवर मला काय मागितलं न्हाई. लुगडं न्हाई, डाग न्हाई. परवा म्हणाली, एकदा तसला फोटू काढू या का? मी म्हटलं, चल! काय बी कर, पर ह्यो फोटू झाला पायजे बघ."

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काका, निर्धास्त राहा. उद्या सूर्य येणार आणि मावशींच्या हातावर बसणार."

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन होतं, खरंच होतं. आण्णाप्पांचा चेहरा फुललेला. त्यांनी आक्काताईंना कठड्यापासच्या सपाट दगडावर बसवलं, खाली सतरंजीची घडी घातली, आणि मग सूर्याकडं असं बघत राहिले, जणू ह्यांनीच त्याला आणलाय. आणि पाच वाजून गेले नाहीत तोच दरी भरायला लागली.

"आलं बघा तुमचं पाव्हणं," आक्काताई म्हणाल्या.

"जाईल, जाईल. वारं सुटलंय."

वारं सुटलं होतं, पण ते धुकं घेऊन येणारं. बघता बघता घोडे दिसेनासे झाले. आक्काताईंनी पिशवीतनं डबा काढला. लॉजच्या मागच्या बाजूला चूल मांडू द्यायचे, तिथं त्या स्वतः भाकऱ्या थापायच्या. हे जैन, त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. आण्णाप्पा कारखान्यातल्या पाळ्यांमुळं ते कधीच मोडून बसले होते, पण आक्काताईंनी लग्नाआधीपासून धरलेला नेम अजून सोडला नव्हता. दिवस बुडायच्या आत जेवण, नाही जमलं तर उपास. बोलता बोलता त्यांनीच मला सांगितलं होतं.

"आवो," त्यांनी हाक मारली, "दिवस हाय का अजून?"

आण्णाप्पा लगेच कातळावर चढले. "हाय, हाय! खा तू."

"दिसतोय व्हय?"

"दिसत न्हाई, पर उजेड हाय की."

मी मध्येच तोंड घातलं, "मावशी, घड्याळात बघा ना. अजून पुष्कळ वेळ आहे."

"घड्याळाला काय कळतंय? बंद पडलं तरी वेळ सांगतंय ते. दिवस डोळ्यांनी दिसला पायजे." मग नवऱ्याकडं हनुवटी करून म्हणाल्या, "माझं घड्याळ ते बघ, उभं हाय तिथं. सून म्हणून आले तवापास्नं हेच बघतात. मी चुलीपाशी, आणि हे दारात. पाळी असली तर कारखान्याच्या फाटकापास्नं पोराकरवी सांगावा धाडायचे, अजून ऊन हाय, तुझ्या वैनीला म्हणावं जेव. सासूबाई हसायच्या आमाला."

"ए, पोराला काय सांगत बसलीस? खा की गुमान!" आण्णाप्पा वरून ओरडले. लाजले होते ते. मागाचा जॉबर, केस पिकलेले, आणि कानापर्यंत लाजला.

आक्काताईंनी भाकरी तळहातावर घेतली. डाव्या हातावर अख्खी भाकरी, वर शेंगदाण्याच्या चटणीची चिमूट. एक घास मोडला. वर बघितलं. आण्णाप्पा पाठमोरे, टाचा उंचावलेल्या, कपाळाशी हात, धुक्यात नजर खुपसून उभे. सगळीकडं तो पांढरा शुकशुकाट आणि त्यात ही दोघं.

मी फोटो काढला.

का काढला, मला त्या वेळी विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. कुणी सांगितलं नव्हतं. 'हलू नका' म्हटलं नव्हतं, उजेड मोजला नव्हता, बसायची जागासुद्धा बदलली नव्हती. कॅमेरा मांडीवरून डोळ्याशी कधी गेला, तेच कळलं नाही. बटण दाबल्यावर मात्र कॅमेरा खाली घ्यायचंच विसरलो. इतक्या सूर्यांचे फोटो काढले, पण असलं कधी झालं नव्हतं.

धुकं दाट झालं. उजेड एकदम खाली बसला.

"आवो, हाय का?"

आण्णाप्पांनी टाचा आणखी उंचावल्या. मग पडक्या आवाजात म्हणाले, "काय कळंना गं मला."

"मग ऱ्हाऊ दे." आक्काताईंनी मोडलेली भाकरी फडक्यात गुंडाळली, डबा झाकला. दोन घास खाल्ले असतील नसतील. बाई आजारी, आणि उपाशी राहिली. पण त्या अगदी सहज हात झटकून उठल्या. "चला. माझ्या नशिबात न्हाई सूर्य. चौगुल्यांच्यातला बघीन."

ते ऐकून आण्णाप्पांनी माझं मनगटच पकडलं. डोळ्यांत पाणी. "काय तरी कर रे."

आता इथं मामांची एक युक्ती सांगायला हवी. ढगाळ दिवसांसाठी मामांनी एक सूर्य करून ठेवला होता. चार आण्याचं गुळगुळीत नाणं. माणसाला रिकामा हात वर करून उभं करायचं. छापताना कागदावर तळहाताच्या जागी ते नाणं ठेवायचं. नाण्याखाली उजेड पोचत नाही, तेवढा गोल पांढरा राहतो. बाकीचा फोटो जरा काळपट छापायचा, म्हणजे धुक्याची संध्याकाळ होते. झाला सूर्य! मला ती युक्ती आवडायची नाही. मी खऱ्या सूर्याचा माणूस. पण त्या वेळी मी आण्णाप्पांच्या कानात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कर. तिला कळू देऊ नको."

"मावशी, एकदा हात वर करून उभ्या राहा," मी म्हणालो. "ढगाआड आहे सूर्य. कॅमेऱ्याला दिसतो."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि हात वर केला.

दुकानात आलो. मामांनी रोल धुतला, नाणं ठेवून फोटो छापला. झकास आला. मावशींच्या तळहातावर असा टपोरा सूर्य, की खऱ्यानं लाजावं. मी खूश झालो. मग मामांनी पट्टीवरचा आधीचा फोटो दिव्यापुढं धरला, आणि धरूनच राहिले.

"हा कुणी सांगितला होता?"

"कुणी नाही. चुकून निघाला. टाकून द्या मामा, काका हललेत त्यात. पाठमोरे पण आहेत."

मामांनी टाकला नाही. तो मोठ्या कागदावर छापला, पाण्यातून काढला आणि लाल दिव्याखाली धरला. पाठमोऱ्या माणसाची कड हलली होती. धुकं कणीदार आलं होतं. खाली बसलेल्या बाईचा चेहरा वर, त्याच्याकडं, आणि हातावर ती गोल भाकरी. माझ्या आजवरच्या फोटोंत सूर्य जिथं असायचा, तिथं भाकरी होती.

"चुकून नाही निघालेला," मामा म्हणाले. "तुला काय तरी दिसलं, म्हणून निघाला. हा फोटो दुसरा कुणी काढू शकला नसता, कारण दुसरं कुणी तिथं नव्हतं. तुझे बाकीचे सगळे कुणीही काढले असते."

"पण ह्यात फोकस..."

"खड्ड्यात गेला फोकस! लाव दोरीला."

सकाळी एसटी स्टँडवर गेलो. दोन्ही फोटो जाड कागदात घातलेले. आण्णाप्पांनी अधीर होऊन वरचा काढला आणि बायकोपुढं धरला. "बघ! म्हटलं हुतं का न्हाई? चौगुल्यांच्यापेक्षा मोठा हाय!"

आक्काताई फोटोकडं बघत राहिल्या. मग मान वर केली.

"ह्यो फोटू मी डबा झाकल्यावर काढलास न्हवं?"

"हो मावशी."

"आणि एवढा मोठा दिवस हुता आभाळात?"

"हो... म्हणजे कॅमेऱ्याला दिसला."

"दिवस हुता," त्या नवऱ्याकडं वळल्या, "तर मग मी उपाशी का झोपले?"

मी जमिनीकडं बघायला लागलो. इतक्या वर्षांत मामांच्या नाण्याला कुणी पकडलं नव्हतं, आणि ह्या बाईनं एका भाकरीवरून पकडलं! पण त्या रागावल्या नव्हत्या. हळूहळू त्यांच्या गालावर हसू यायला लागलं. "आवो, तीस वर्षं माझ्याशी एकदाबी खोटं बोलला न्हाईसा. आपरेशनच्या तोंडावर सूर्य लावला व्हय मला?"

"तुला पायजे हुता की गं..." एवढंच त्या माणसाला बोलता आलं, आणि तो स्टँडवर, लोकांच्या देखत, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला.

त्यांच्या हातातून कागद घसरला आणि दुसरा फोटो बाहेर आला. तो बघून मात्र आण्णाप्पा भडकले. कुणावर तरी भडकायला त्यांना बरंच वाटलं असावं. "आणि ह्यो काय? माझी पाठ! ही जेवाय बसल्याली! जेवतानाचा फोटू काढत्यात व्हय रे कुणाचा? पै पाव्हण्यांनी बघितलं तर काय म्हणतील? फाड त्यो!"

मी तो उचलणार, तेवढ्यात आक्काताईंनी उचलला. जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला, आणि पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली सरकवला. सूर्याचा फोटो नवऱ्याच्या खिशात. गाडी लागली, गर्दी झाली, दोघं चढली. आण्णाप्पांनी खिडकीतून हात हलवला. आक्काताई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

ती बाई पुन्हा दिसेल असं मला वाटलं नव्हतं. पुढं मिरजेहून आलेला कुणी भेटला की मनात यायचं, विचारावं. पण विचारणार काय? मी मात्र हळूहळू बिघडलो, असं घोडेवाले म्हणायचे. हातावरचे सूर्य काढायचो, पोटासाठी काढावेच लागायचे. पण मधूनच कठड्याकडं पाठ करून बसायचो आणि सूर्य बघणाऱ्यांकडं बघायचो. सूर्य बुडाल्यावर एकमेकांची चप्पल शोधणारी माणसं, आईच्या पदराला तोंड पुसणारी पोरं, नवऱ्यापासून चार पावलं लांब उभी राहिलेली नवी नवरी. मामा ते फोटो दुकानाच्या काचेत लावायचे आणि विकले जात नाहीत म्हणून मलाच शिव्या द्यायचे. मामा गेले तेव्हा त्या काचेत सूर्य एकही नव्हता.

बरीच वर्षं गेली. दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ होती. आभाळ निवळ, पॉइंटवर जत्रा. मी एका जोडप्याला उभं करत होतो, आणि मागून कुणीतरी माझीच नक्कल केली.

"हात जरा वर घ्या, मावशी. हलायचं न्हाई."

वळून बघितलं. आक्काताई! केस पांढरे, कपाळ मोकळं, अंगानं मात्र पहिल्यापेक्षा बऱ्या. मागं मुलगा उभा, बापासारखाच उंच. मी वाकून पाया पडलो.

"मी ऱ्हायले बघ," त्याच म्हणाल्या. "गाठ साधी निघाली. आणि हे गेल्या साली गेले. मागापाशीच. बसले ते बसलेच."

आम्ही त्या सपाट दगडावर बसलो. समोर सूर्य चांगला डोंगरावर हातभर होता. मी कॅमेरा सरसावला. "मावशी, तुमचा राहिलेला फोटो काढू या आज. खरा सूर्य. लबाडी नाही."

"नको रे." त्यांनी माझा हात खाली केला. "हे गेल्यावर सगळे म्हणाले, यांचा फोटू लावा. लग्नातले हुते, कारखान्यातले हुते. मी तुझाच काढला, फडक्याखालचा. पोरगा म्हणाला, आई, ह्यात आण्णांचं तोंड दिसत न्हाई. मी म्हटलं, तोंड कुणाला बघायचंय? तेवढं मला पाठ हाय." त्यांनी समोरच्या डोंगराकडं बघितलं. "चौगुल्यांच्या भितीवर सूर्य हाय. माझ्या भितीवर सूर्य बघणारा माणूस हाय."

मी लहान मुलासारखा रडलो असतो, पण मुलगा बघत होता.

आक्काताईंनी पिशवीतून डबा काढला. सूर्याकडं पाठ केली, पदर सारखा केला, भाकरी डाव्या हातावर घेतली. लख्ख ऊन त्यांच्या पांढऱ्या केसांवर, खांद्यांवर, समोरच्या दगडावर पडलं होतं. विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यांनी घास मोडता मोडता हात थांबवला आणि मान वर करून मला विचारलं,

"दिवस हाय का रं अजून?"

मी कॅमेरा गळ्यातून काढून दगडावर ठेवला. उठलो, शेजारच्या कातळावर चढलो आणि कपाळाशी हात धरला.

"हाय मावशी," मी म्हणालो. "अजून हाय. खावा निवांत."